आईचे मराठी शब्द

परवा दुबईत, सिलिकॉन ओएसिसमधल्या कॅफेत एक जुनं फ्रेंच गाणं अरबीत लागलं, आणि मी कप खाली ठेवून ऐकत राहिले.

लहानपणी, दुबईजवळच्या फुजैरात राहत असताना, आमच्याकडे त्याची कॅसेट होती. एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला अरबी. अक्षरही कळत नसताना बाबा दाढी करताना तीच चाल गुणगुणायचे. त्या चालीवर आईने एका वहीत गुपचूप मराठी शब्द लिहिले होते.

मी आठ वर्षांची होते. मराठी विसरू नये म्हणून दर शुक्रवारी बाबांना एक पान मोठ्याने वाचून दाखवावं लागायचं. त्या शुक्रवारी मी आईची ती वही उचलली.

"तुझी चाहूल लागली की श्वास अडकतो..."

"वा! यल्ला, पुढे वाच," बाबा खुशीत म्हणाले.

"आज हात उगारशील का, एवढंच तुझ्या डोळ्यांत शोधते."

बाबांनी टेपरेकॉर्डर उचलून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आईवर फेकला. मग केस धरून तिचं डोकं कपाटावर आपटलं, दोनदा. कॅसेटची तपकिरी फीत फरशीभर पसरली. स्वयंपाकघरातून आमटी करपल्याचा वास येत होता.

"बाबा, डिड आय रीड इट राँग?" मी रडत विचारलं.

उत्तर आईने दिलं. ओठाचं रक्त ओढणीने पुसत ती म्हणाली, "नाही गं. अगदी बरोबर वाचलंस."

इतकी वर्षं मला वाटायचं, ती माझी समजूत घालत होती. कॅफेत कळलं, ती खरंच तसं म्हणत होती; तिचं गाणं त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने म्हटलं होतं.