पूर्णेची घोडी आणि केरबा मामांची गाठ

धाकट्या भावाचा, सुनीलचा निरोप आला : "ताई, नदीला पूर आलाय, ये." असल्या आमंत्रणावर शहाणी माणसं उलट्या दिशेची गाडी धरतात. मी औरंगाबादहून पूर्णेची धरली. आई यायला तयार नव्हती. "नदीत काय बघायचंय?" म्हणाली. तिच्या माहेरच्या गावात आमच्या लोकांना नदीच्या खालच्या अंगालाच पाणी भरावं लागे. वरच्या अंगाची नदी तिने लांबूनच पाहिलेली.

ही गोष्ट विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला होता त्या वर्षांतली. आता जाणाऱ्यांना रुंद रुळांवरच्या गाड्या आहेत, तेव्हा मीटरगेजची पॅसेंजर होती, बैलगाडीची धाकटी बहीण. भाडं मात्र किरकोळ. सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, हा सल्ला आजही लागू आहे. पेडगावला एक बाई चढली आणि माझ्या शेजारी बसली.

"कुठं चाललाव बाई?"

"पूर्णेला. भाऊ रेल्वेत आहे."

"लय चांगलं झालं. आडनाव काय म्हनायचं?"

मी सांगितलं. बाई हसली आणि जराशी खिडकीकडे सरकली. चटणी तिला आवडली असती, पण मी विचारलं नाही.

सुनील लोको शेडमध्ये फिटर होता. परभणी ओलांडून पूर्णेला उतरले तेव्हा तो स्टेशनवर चहाचे दोन ग्लास घेऊन उभा होता, आणि क्वार्टरवर पोहोचेपर्यंत नदीशिवाय दुसरं काही बोलला नाही. पुलाच्या खांबांना धडकून पुराचं पाणी उसळतं आणि त्या उसळीची एक लांबलचक लाट वळणापर्यंत धावते. तिला तिथे 'घोडी' म्हणत. पोटाखाली वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधायची, लाटेवर पालथं पडायचं आणि वळणावरच्या बाभळीपाशी काठ गाठायचा. गावातले जुने पोहणारे हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेले. रेल्वे कॉलनीतली नवी पोरं ट्रकच्या ट्यूबा घेऊन यायची. भोपळेवाले त्यांना हसत, ट्यूबवाले भोपळेवाल्यांना.

"मग तू कुणाचा?" मी विचारलं.

"मला भोपळाच पाहिजे ताई. ट्यूब नुसती गरगर फिरते. पण पहिल्या खेपेची गाठ जुन्यांपैकीच कुणीतरी बांधायची असते. ज्याची गाठ त्याची जबाबदारी. दोन पावसाळे झाले, कॉलनीतल्या दोघांची बांधली. माझी कुणी बांधत नाही."

का, ते विचारायची गरज नव्हती. गाडीतली खिडकी आठवली.

सकाळी काठावर गेलो. पाणी चहाच्या रंगाचं, आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं. उतरायचा पहिला मान जुन्यांतल्या केरबा मामांचा. साठीचा माणूस, कमरेला लंगोट, पोटाला भोपळ्यांची सांगड, डोक्याला गमछा. पाण्याकडे बराच वेळ नुसतं बघत राहिले आणि मग असे सरकले, जसं कुणी अंथरुणावर पडावं. घोडी उसळली, मामा तिच्या पाठीवर, हात मोकळे, मान वर. मी आयुष्यात इतकं देखणं काही फार थोडं पाहिलंय. टाळ्या माझ्याच हातांनी वाजायला लागल्या.

नियम एकच : घोडीवर एका वेळी एक. पुढचा बाभळीपाशी लागून गमछा हलवेपर्यंत मागच्याने उतरायचं नाही. मामांचा गमछा अजून डोक्यालाच होता आणि माझ्या शेजारून सुनील कॉलनीतल्या एका पोराची ट्यूब घेऊन पाण्यात गेला.

ट्यूब गरगरत थेट मामांवर निघाली. मामांनी अंग चोरलं, बाभूळ हुकली आणि ते वळणापलीकडे दिसेनासे झाले. सुनील कसाबसा काठाला लागला. भावाच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने मामा चिखल तुडवत चालत आले.

"चुकलं मामा," सुनील म्हणाला. "माफी करा. पण दोन पावसाळे झाले, माझी गाठ कुणी बांधंना. मी किती वाट बघू?"

दत्ता नावाचा एक भोपळेवाला पुढे आला. "बगा मामा! ह्यांना इद्यापीठाला नाव बी पायजे आन् आता नदी बी पायजे!"

"नदी तुज्या बापाची हाय का रं दत्ता?" मामा खेकसले. मग सुनीलकडे वळले. "आन् तू रं! मेलो असतो की मी. असं कुनी उतरतंय का?"

"न्हाई मामा."

मामा त्याच्याकडे बघत राहिले, मघा पाण्याकडे बघत होते तसंच. "दोन पावसाळे मला बी दिसायलास तू. बांधायला पायजे हुती," म्हणाले. मग स्वतःच्या पोटाची ओली सांगड सोडली, सुनीलच्या कमरेभोवती हात घालून दोर फिरवला आणि गुडघा टेकवून गाठ आवळली. दत्ता आणि आणखी दोघं उठून गेले. बाकीचे थांबले.

"आता बुडलास तर माजं नाव जाईल. नीट जा."

सुनील गेला. मामांसारखा नाही, थोडा वेडावाकडाच, पण बाभळीपाशी लागला आणि त्याने गमछा इतका हलवला की मामाही हसले.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. मामांनी घरी चहाला बोलावलं नाही, आम्ही स्टेशनवर प्यायलो. आणि पुरात उतरायचा मोह तुम्ही करू नका, पुलावरूनच बघा. तेवढ्यासाठीही पूर्णेला जावं.

घरी येऊन आईला सांगितलं तर आधी तिने सुनीलचा उद्धार केला, मग माझा. मग भाकरी थापता थापता थांबली.

"गाठ त्यांनी सोता बांधली? हातानं?"

"हो."

"समद्यांसमोर?"

"समद्यांसमोर."

आईने तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती, तिच्याकडून कधी करपत नसे. मग म्हणाली, "पुढल्या पुराला मला बी घेऊन चल."