चंदेरी झाकण

वाचनालयातल्या बाईंना लोक पाठीमागे ‘दुर्बीणवाल्या बाई’ म्हणत. आकाशाचं वेड जबरदस्त, पण स्वभावानं अगदी भित्री भागूबाई. कुलूप लावून निघाल्या तरी कोपऱ्यावरून परत येऊन ओढून बघणार.

खगोलाचा कोपरा त्यांनी एकटीनं उभा केला होता. ताऱ्यांचे नकाशे, पुस्तकं आणि फळ्यावर ताज्या बातम्यांची कात्रणं : चंद्राच्या ध्रुवाजवळच्या खड्ड्यांत बर्फ, लघुग्रहावरून आणलेली माती, दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह. शिवाय सभासदांना घरी नेता येईल अशी एक दुर्बीण. ती बाहेर गेली की बाईंचा जीव टांगणीला. आपटेल का, भिंगाला कुणी बोटं लावेल का? कुणाच्या डोळ्याचं काय होईल, हे मात्र त्यांच्या भीतीत कधी आलंच नव्हतं.

सूर्य बघायचा तर दुर्बिणीच्या तोंडावर चंदेरी झाकण हवं. ते बाई स्वतः बसवून देत आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. सांगितलं की लोक काढून बघतात, हा त्यांचा हिशोब.

बसचालकाची मुलगी त्या कोपऱ्यात रोज ठाण मांडून बसायची.

“बाई, हे यान सूर्याच्या इतकं जवळ गेलं, मग जळलं कसं नाही?”

“पुढे ढाल असते गं त्याच्या.”

“मला पण बघायचाय सूर्य.”

“बाबांना घेऊन ये. देते.”

शनिवारी सकाळी बाप-लेक ठरल्यापेक्षा लवकरच हजर झाले. बाईंनी पेटी हातात ठेवली. “सगळं बसवलेलं आहे. कशाला हात लावू नका, नुसती सूर्याकडे रोखा.”

दोघं गेल्यावर ऊन आलं म्हणून बाई खिडकी लावायला उठल्या. कट्ट्यावर चंदेरी झाकण होतं. सकाळी त्यांनीच पुसून वाळत ठेवलेलं.

बाईंनी घाईघाईनं बसचालकाचा नंबर काढला. फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलेना. झाकण मुठीत धरून त्या तशाच धावत सुटल्या. बसचालकाच्या घरापर्यंतच्या दोन गल्ल्या संपता संपेनात. हे ऊन, आणि ती पोर! देवा, ढग तरी आण रे एखादा. आकाश मेलं लख्ख निळं.

गच्चीचा जिना चढताना त्यांना धाप लागली. वर बसचालक दुर्बिणीवर वाकलेला.

“थांबा! डोळा लावू नका!”

तो दचकून सरळ झाला. “काय झालं बाई? मी स्टँडचा नट आवळतोय. पान्हा आणायला खाली गेलो होतो, आत्ताच आलो वर.”

“हे माझ्याकडे राहिलं. याच्याशिवाय बघितलं तर डोळा जातो. चूक माझीच आहे.”

“बघितलं कुठे अजून!” तो म्हणाला, आणि बाईंनी झाकण दुर्बिणीवर बसवलं. त्यांना रडूच आलं.

पाण्याच्या टाकीपाशी मुलगी उजवा डोळा चोळत उभी होती.

“मी बघितला,” ती हळूच म्हणाली. “बाबा खाली गेले तेव्हा. एकदम पांढरंफटक झालं. बाबा, रागावू नका ना.”

बसचालकाच्या हातातला पान्हा खाली पडला. बाईंनी तिला जवळ ओढलं आणि तिचा डावा डोळा तळव्यानं झाकला.

“माझ्याकडे बघ, बाळा. मी दिसते का तुला?”

मुलीनं अगदी मन लावून बघितलं.

“टाकी दिसते. इकडे बाबा दिसतात,” ती म्हणाली. “मधे तुम्ही नाही.”