पडदा तुमचा, दांडी मालकाची

कोथरूडच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक विमा एजंट पहिल्यांदा आले, तेव्हा खुर्ची पुढे केली तरी बसेनात. "खुर्ची कुणाची?" त्यांनी विचारलं. मालकांची म्हटल्यावर म्हणाले, "मग राहू द्या. माझं वजन बघताय ना?"

आणि बोट दाखवत घरभर हिंडले. "गीझर मालकाचा, बादली तुमची. पडदा तुमचा, दांडी मालकाची. जे तुमचं, तेवढ्याचाच विमा आपण काढायचा." चहा मात्र कुणाचा, हे न विचारता प्यायले.

पुढे वरच्या फ्लॅटमधला पाइप फुटला आणि आमची बेडरूम भिजली. ते धावत आले. गादी, लॅपटॉप, पुस्तकं, सगळं उभ्यानंच लिहून घेतलं. मी हळूच म्हणालो, "कपाटही लिहा की. फुगलंय."

"ते मालकाचं. एक खोटी ओळ लिहिली, की गादीही गेली समजा."

कपाट सोडून सगळ्याची भरपाई मिळाली.

यंदा आम्ही स्वतःचं घर घेतलं. ते बघायला आले. खिडकीपाशी थांबून म्हणाले, "आता दांडीही तुमची." आणि काही न विचारता खुर्चीत बसले.