लेकीच्या प्लॉटभोवती काटेरी करडी

सन २०२३. माझं वय बहात्तर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोताळ्याच्या स्टँडवर माझा दोस्त गणपत मले बसवून द्याले आला. "लेकीच्या घरचं पाणी पेत नव्हता, आता राह्यलेच चालला काय बे?" म्हणे. मी म्हटलं, पाहुणा म्हणून नाही, कामाले चाललो. कोणतं काम, ते मलेही माहीत नव्हतं. पिशवीत दोन धोतरं अन् घरची काटेरी करडी शेरभर. रिकाम्या घरात बी ठेवू नाही, असं बाप सांगे.

मंदा माझी धाकटी. चौथी नापास बापाची लेक हैदराबादेत संशोधन केंद्रात करडीच्या तेलाचा गुणच बदलवते, बियाच्या आत हात घालून. मी गेलो अन् आठ दिवसांत तिले दोन महिन्यांच्या ट्रेनिंगले जा लागलं. क्वार्टरसमोरच तिचा प्रयोगाचा प्लॉट. करडीचीच झाडं, पण बिनकाट्याची. जाळी होती, पण ढोर जाळीले भेते काय? आपल्याकडं गव्हाभोवती काटेरी करडी पेरतो, तशी मी चारी बाजूनं पेरली. पिशवीतली सारी. मजुराले वाटलं मॅडमनंच सांगितलं.

मंदा आली तं कळ्या धरल्या होत्या. ती खालीच बसली. "बाबा, फूल उमललं अन् मधमाशीनं तुमचा पराग माझ्या फुलांवर नेला, तं माझी चार वर्षांची मेहनत गेली. उपटा हे." मी म्हटलं, उभं पीक मी कधी उपटलं नाही. गावची करडी माझ्याजवळ तेवढीच उरली होती, हे काही सांगितलं नाही.

ती भांडली नाही. संध्याकाळी मले केंद्रातल्या एका यंत्राजवळ घेऊन गेली. वंगण म्हणून तिच्या करडीचं तेल घालून चाक फिरत होतं. माझी माय ज्या तेलात भजे तळे, त्याच्यावर लोखंड चालून राह्यलं होतं! तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं. तीनदा यंत्र बंद करवलं, तीनदा चालू करवलं. गावात कोणाले सांगावं, असं झालं.

मंग ती हळूच म्हणे, "माझी झाडं मर रोग लागून वाळून राह्यली, बाबा. तुमचं एकही नाही वाळलं. मले हे बी पाहिजे, पण माझ्यात मिसळलेलं नको." अन् कागदाच्या पिशव्यांचा गठ्ठा हाती देला. कळीवर बांधायच्या, म्हणजे माशी शिरत नाही. वीस झाडं बियाले ठेवा, बाकीची काढा, म्हणे.

गणपत फोनवर विचारते, घरी कधी येतं? गड्या, तिथल्या घराले कुलूप आहे. इथं माझ्या करडीची वाट पाहणारं माणूस आहे. आता तूच सांग, घर कोणतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माशा उठायच्या आधी, मी वीस झाडांच्या कळ्यांले पिशव्या बांधल्या. मंग धोतर खोचलं अन् बाकीचं उभं पीक उपटाले लागलो.