एप्रनवरची ओढणी

कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या मुलीची ओढणी पेटली, आणि चूक तिचीच होती हे ठरवायला सगळे मिळून कामाला लागले. मला आजही त्या माणसांचा राग येतो. गेला असेल म्हणून अधूनमधून तपासून बघते, तर जागच्या जागी असतो.

ती जवळच्या अभनपूरहून बसने यायची. घरात सायन्स घेतलेली ती पहिलीच. वडिलांनी एका अटीवर पाठवलं होतं: कॉलेजातून तक्रार आली की दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं. ओळख झाली त्याच दिवशी तिने मला हे सांगून टाकलं होतं, बाकीच्या मुली बारावीचे टक्के सांगतात तसं.

लॅब ज्यांच्या ताब्यात होती त्या मॅडम आमच्यासारख्याच मूळच्या विदर्भातल्या, या हिंदी मुलखातल्या शहरात तात्यापाऱ्यात आमच्या गल्लीतच राहायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईच्या शेजारी बसायच्या, म्हणून घरी त्या काकू आणि कॉलेजात मॅडम. त्यांचा एक कायदा होता. मुलींनी एप्रनवरून ओढणी घ्यायची. होय, एप्रनच्या वरून, पुढे नीट पसरून. अंगावरचे कपडे सांभाळायला एप्रन, आणि एप्रनची अब्रू सांभाळायला ओढणी! दाराशीच छापील तक्ता टांगला होता, सैल कपडे ज्योतीजवळ नेऊ नयेत. मॅडम त्याच तक्त्याला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि ओढणी नसलेल्या मुलींना परत पाठवायच्या.

मी सुरुवातीला ओढणी छातीवरून तिरपी घेऊन कमरेला गाठ मारली होती, धानाची रोवणी करणाऱ्या बाया पदर खोचतात तशी. मॅडमनी ती सगळ्यांसमोर सोडायला लावली. ही लॅब आहे, शेत नाही, म्हणाल्या. प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात होते, त्यामुळे मी दात-ओठ खात सोडली.

ओढणी पेटली त्या दिवशी पंखे बंद होते, कारण वाऱ्याने ज्योत हलते. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं आणि उन्हात बर्नरची निळी ज्योत दिसत नाही. मागच्या फळीवरची ॲसिडची बाटली घ्यायला ती पुढे वाकली. ओढणीचं टोक बर्नरवर लोंबलं. सिंथेटिक कापड ते, भरभर वर चढलं. मी दुसरं टोक धरून जीव खाऊन ओढलं. नुसती खांद्यावर टाकलेली असल्यामुळे एका हिसक्यात ती निघाली. बेसिनमध्ये फेकली आणि तिची मान नळाखाली धरली.

मॅडम पळत आल्या त्या टूथपेस्ट घेऊन. मी त्यांना जवळ येऊ दिलं नाही. ओरडले, चांगली घसा फोडून, मराठीत, आणि रागाच्या भरात त्यांना काकू म्हणाले. पुढे कितीतरी दिवस कॉलेजात चर्चा झाली ती याची. कानाखालपासून खांद्यापर्यंत जळलेल्या कातडीबद्दल फारसं कोणी बोलत नव्हतं. सतत पाणी सोडलं म्हणून जखम खोल गेली नाही, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी मॅडम आमच्या घरी हजर. आधी आईला सांगून झालं की तुमची पोट्टी फार तोंडाळ आहे. मग माझ्याकडे वळल्या.

"उद्या प्रिन्सिपल सर बोलावून राहिले. तिच्या बापालेही बोलावलं आहे. तू एवढंच सांग का पोरगी घाईत होती. काहून वाढवून राहिली उगाच?"

आईने त्यांच्यापुढे पाहुण्यांच्या कपात चहा ठेवला. मला त्या कपांचाही राग आला. जसं झालं तसंच सांगणार, म्हणाले आणि आत निघून गेले.

आणि सांगितलंही. तक्ता, कमरेची गाठ, टूथपेस्ट, सगळं. प्रिन्सिपल सर छताकडे बघत ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी तिला विचारलं. मानेला पट्टी, शेजारी वडील. खुर्ची दिली होती तरी ते उभेच होते.

"मेरी ही गलती थी, सर," ती म्हणाली. "मैंने ध्यान नहीं दिया."

सर खूश झाले. मुलगी हुशार आहे, फक्त जरा सांभाळून वागायला सांगा, असं त्यांनी वडिलांना बजावलं. वडिलांनी हात जोडले. मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी तिथे मूर्खासारखी उभी.

बाहेर सायकल स्टँडपाशी मी तिला गाठलं आणि वाट्टेल ते बोलले. खोटारडी म्हणाले, भित्री म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"जलने पर बाबूजी ने कॉलेज नहीं छुड़ाया," ती म्हणाली. "मैडम से झगड़ा हुआ सुनते, तो आज ही छुड़ा देते."

यावर मी आणखीच भडकले.

जखम भरल्यावर ती परत आली तेव्हा मॅडम दारात सेफ्टी पिनांचं पाकीट घेऊन उभ्या होत्या, खास गोल बाजारातून आणलेलं. अपघातानंतरची सुरक्षा म्हणे. ओढणी घसरू नये म्हणून दोन्ही खांद्यांवर एप्रनला पक्की टाचायची. मी म्हटलं, मॅडम, ओढणी निघाली म्हणून ती वाचली. टाचलेली निघणार कशी?

"तुले सगळ्यायलेच अक्कल शिकवायची असते," मॅडम म्हणाल्या. "मार्क पाहिजेत का नाही?"

तिने नव्या कातडीला धक्का लागू नये म्हणून हनुवटी वर केली. मॅडमनी पिना लावल्या, खरं सांगायचं तर अगदी मायेने. मी माझ्या नुसत्या ओढणीत अडकवल्या, एप्रनला लावल्याच नाहीत.

टेबलाशी आल्यावर मी तिला हळूच सांगितलं, त्यांची पाठ वळली की काढून टाक. तिने मान हलवली, नाही.

"फिर से लगी तो तू खींच लेगी ना?"

मी म्हटलं, या पिना लावल्यावर ओढणी ओढली तर सुटणार नाही, तुझ्याच मानेला फास बसेल.

"हव," ती तिच्या गावाकडचं 'हो' म्हणाली, आणि तिने बर्नर पेटवला.