चिमटाताई फोन पुसत नाही

आमच्या गल्लीत मोबाईल दुरुस्त करणारी एकच बाई आहे, आणि तिचं तोंड तिच्या हातातल्या चिमट्याहून टोकदार आहे. म्हणून सगळे तिला चिमटाताई म्हणतात. तिच्या आणि माझ्या दुकानांमध्ये फक्त प्लायवूडची भिंत. पलीकडे ती फोन उघडते, अलीकडे मी झेरॉक्स काढतो. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला ते मी पुरवतो.

तिच्याकडे फोन टाकून जाता येत नाही. गिऱ्हाइकानं समोर स्टुलावर बसायचं आणि फोनचा पडदा त्याच्याकडे राहणार. कॅमेरा चालतो का ते बघायला ती पंख्याचा फोटो काढते आणि गिऱ्हाइकाच्याच बोटानं तो पुसायला लावते. बाकी फोटोंकडे ढुंकून बघत नाही. "अहो ताई, माझ्या फोनमध्ये लपवण्यासारखं आहेच काय?" असं कोणी म्हणालाच, तर म्हणते, "तुमचं नसेल. पण तुम्हाला ज्यांनी विश्वासानं काही पाठवलंय, त्यांना विचारलंत का?"

हे शहाणपण तिला फुकट मिळालेलं नाही. चार वर्षांपूर्वी एक बाई रडत तिच्याकडे आली होती. लग्न ठरत होतं तेव्हा तिनं त्या माणसाला आपले खासगी फोटो पाठवले होते. लग्न फिसकटलं आणि तो रोज धमकीचे मेसेज टाकू लागला, की फोटो तुझ्या ऑफिसात पोचवीन. चिमटाताईनं त्या बाईचा फोन धुऊन पुसून कोरा करून दिला. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला वाटतं, बिघाड हातातल्या फोनमध्येच आहे. फोटो त्या माणसाकडे होते ते तसेच राहिले. पुसल्या गेल्या त्या त्याच्या धमक्या. बाई तक्रार द्यायला गेली, तेव्हा तिच्याकडे दाखवायला काहीच उरलं नव्हतं. शेवटी ती नोकरी सोडून निघून गेली.

"मदत करायला गेले आणि तिचे हातच तोडले," चिमटाताई मला म्हणाली होती. मग महिनाभर रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंचं डोकं खाऊन तिनं कायदा समजून घेतला. त्या दिवसापासून असल्या भानगडीतला फोन ती पुसत नाही.

गेल्या मंगळवारी भर दुपारी तिचा धाकटा भाऊ आला. सोबत आई. वडील लवकर गेले, तेव्हा याला चिमटाताईनंच वाढवला, शिकवला, नोकरीला चिकटवला. आता एकोणतीस वर्षांचा घोडा झालाय. त्यानं आत येऊन शटर अर्धं खाली ओढलं.

"ताई, हा फोन कोरा करून दे. नीट कर, परत काही निघायला नको."

"काय आहे त्यात?"

आईनंच सांगितलं. दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या एका मुलीशी त्याचं दोन वर्षं जमलं होतं. मग मोडलं. रागाच्या भरात यानं तिचे तसले फोटो तीन-चार मित्रांना पाठवले. आता तिनं तक्रार दिली होती आणि पोलिसांनी याला संध्याकाळी फोन घेऊन बोलावलं होतं.

"पण तिनंच पाठवले होते," धाकटा म्हणाला. "मी काय चोरले नाहीत."

"शेजारीण विश्वासानं घराची किल्ली ठेवून गेली, तर तिच्या घरात तू बाजार भरवशील का रे? तुला दिले होते. गावाला नाही."

"मुलींनी असले फोटो काढावेतच कशाला?" आई म्हणाली.

"आई, तिनं काढले ते तिचे होते. यानं वाटले तो गुन्हा आहे. आणि आता पुसले तर दुसरा गुन्हा. एकाला दोन करून घ्यायचेत का?"

मी यंत्र बंद केलं. कागद हातात धरून तसाच उभा राहिलो.

"तू नाही म्हणालीस तर मी दुसरीकडे जाईन," धाकटा म्हणाला.

"जा. फोन तुझा आहे, मी हिसकावणार नाही. पण मला विचारलं, तर सांगेन. मंगळवारी दुपारी आला होता, फोन पुसायला सांगत होता."

"सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष देशील?" आईचा आवाज चिरकला.

"देईन."

"ताई, मला आत टाकलं तर?" आता तो लहान मुलासारखा रडायला लागला.

"तर रोज डबा घेऊन येईन. एक दिवस चुकवणार नाही. पण खोटं बोलणार नाही. कोणाकोणाला पाठवलेस ते सगळं खरं सांगायचं. तीन-चार म्हणजे तीन की चार?"

मग तो पुटपुटला, "बॅडमिंटनच्या ग्रुपवर टाकले होते. एकवीस जण आहेत."

त्या एकविसांत मी होतो.

फोटो आले त्या रात्री मी पाहिले होते. एकदा नाही, दोनदा. पुढे पाठवले नाहीत, म्हणून स्वतःला सज्जनही समजलो होतो. ग्रुपवर चारजण दात काढत होते. "काढ ते" असं मी लिहिलं असतं तर माझं काय जाणार होतं? पण म्हटलं, आपण कशाला मध्ये पडा.

मी शटर ओढलं आणि पलीकडे गेलो. "ताई, माझ्याकडेही आलेत," म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. दहा वर्षांच्या शेजारात तिची अशी नजर मी पाहिली नव्हती. मला वाटलं, चार शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं, "पुसलेस?"

"नाही. सगळं तसंच आहे. कोण काय बोललं तेही."

"मग तूही चल."

आई बडबडत मागे राहिली. आम्ही तिघं चालत चौकीत गेलो. धाकट्यानं फोन स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवला, तेव्हा चिमटाताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. समोरच्या बाकावर ती मुलगी बसली होती, मांडीवर कागदांची फाईल घट्ट धरून. चिमटाताईनं तिची माफी मागितली नाही, भावासाठी रदबदलीही केली नाही. "त्यानं काय केलं ते तो सांगेल. मी ऐकायला थांबते," एवढंच म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे मान वळवली. "तुम्ही कोण?"

"ग्रुपमधला. मी पाहिले आणि गप्प बसलो. लिहून घ्या."

तेव्हा त्या मुलीनं मान वर केली आणि मला ओळखलं. "परवा तुमच्याकडेच आले होते ना मी?" ती म्हणाली. "या तक्रारीचं झेरॉक्स तुम्हीच काढून दिलंत."

"हो," मी म्हणालो. "मीच."