मास्तरांची झोप

मला बायबल शिकवणारे मास्तर अमरावतीच्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून प्रवचनभर घोरायचे आणि 'आमेन'ला बरोब्बर जागे व्हायचे. कापसाचा भाव चढला, तसे विलायती पाद्रीसाहेबाने पुढचे बाक गोऱ्या व्यापाऱ्यांना दिले. मास्तर मागे जाऊन घोरू लागले. माझं मात्र डोकं फिरलं. वेगळं चर्च काढू का, म्हणून मास्तरांना विचारायला गेलो, तर तंबाखू मळत म्हणाले, "मले काहून विचारून राह्यला? मले झोपाले कोनतंबी चालते."

रविवारी कापसाच्या रिकाम्या कोठारात मी प्रवचनाला उभा राहिलो. मास्तर पुढेच बसले आणि टक्क डोळ्यांनी माझ्याकडे पाहत राहिले. मी अडखळलो. शेवटी विचारलं, "मास्तर, आज झोप नाई?"

"साहेब चुकला तं सांभाळाले विलायत हाये. तुले कोन हाये? बोल."